वरची कडी

१२ जानेवारी

भावोजी,

नमस्कार आणि खुशाली खाली येईलच, आधी भांडण. ताईच्या वाढदिवसाला मी सकाळी फोन केला, दुपारी केला, संध्याकाळीही केला, आणि प्रत्येक वेळी तुम्हीच उचललात. सकाळी ताई अंघोळीला गेली होती, दुपारी तिचा डोळा लागला होता आणि संध्याकाळी म्हणे ती शेजारी गेली होती. माझी सख्खी बहीण स्वतःच्या वाढदिवशी स्वतःच्या घरात सापडत नाही, याला काय म्हणायचं? त्यानंतर तर तुमचा फोन लागतच नाही.

इकडे शाळेत परीक्षा तोंडावर आल्या आहेत. प्रयोगशाळेत मी दिवसभर काचेच्या नळ्या धुते, पोरं त्या फोडतात, मी नव्या मागवते. परीक्षा आटोपल्याशिवाय रजा मिळायची नाही, नाहीतर कधीच येऊन धडकले असते.

ताईला सांगा, दोन ओळी लिहायला काही हात झिजत नाहीत. पूर्वी माझ्या पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ लाल शाईने सुधारून तेच पत्र मला परत पाठवायची. तेव्हा मी चिडायचे. आता तसं एखादं लाल पत्र आलं तर बरं वाटेल.

तुमची,
धाकटी

•

२५ जानेवारी

प्रिय धाकटे,

तुझं भांडण पोचलं. फोन बिघडला आहे, आणि दुरुस्त करणारा आज येतो, उद्या येतो करत खेळवतो आहे. लोकांच्या लिफ्ट बंद पडल्या की मी जेवणावरून उठून धावायचो. आता कुणाला तशी घाई नसते.

ताई मजेत आहे. थोडी विसरभोळी झालीय, पण या वयात कोण होत नाही? काल मी चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधत होतो. स्वयंपाक हल्ली मीच करतो, हौस म्हणून. भाजी जमते, मिठाचा अंदाज अजून चुकतो.

तिच्या मैत्रिणींचं विचारशील म्हणून सांगतो, त्या हल्ली फारशा येत नाहीत. दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या व्यापात असतात, बाकीच्यांचंही तसंच. घर शांत असतं. मला शांतता आवडते.

दाराला वरच्या बाजूला एक नवी कडी बसवली. घरीच बनवली. वर उचलून आत दाबल्याशिवाय ती उघडत नाही. हल्ली दिवस चांगले नाहीत, काळजी घेतलेली बरी.

तुझं पत्र ताईने उशाशी ठेवलंय.

भावोजी

•

१० फेब्रुवारी

भावोजी,

पत्र उशाशी ठेवणारी बाई उत्तर लिहीत नाही, हे मला पटत नाही. तुम्ही लिफ्ट, चष्मा आणि मिठावर पानभर लिहिलंत, पण ताईच्या तोंडचं एकही वाक्य त्यात नाही. मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचलं. ती काय म्हणाली, कशाला हसली, कुणावर करवादली, काहीच नाही.

माझं काही चुकलंय का? मागच्या वेळी आले तेव्हा मी तिला म्हटलं होतं, "तीच गोष्ट किती वेळा सांगशील गं?" ती एकदम गप्प झाली होती. त्याचा राग धरून बसली असेल तर तसं सांगा, मी पाया पडून माफी मागेन. की तुम्हालाच आमचं येणं-जाणं नकोसं झालंय? तसं असेल तर तेही स्पष्ट सांगा. मी काही लहान नाही.

ताईच्या हातची एक ओळ आली नाही, तर हे माझं शेवटचं पत्र समजा.

धाकटी

•

२ मार्च

प्रिय धाकटे,

ताईच्या हातची ओळ सोबत पाठवतोय. मी तिला कागद-पेन दिलं आणि म्हटलं, बहिणीला काहीतरी लिही. ती बराच वेळ पेन धरून बसली आणि मग तिने हे लिहिलं: "शाळा सुटली की थेट घरी ये. वाटेत कुत्र्यांशी खेळत बसू नकोस."

तेव्हा तू कुणावरही रागावू नकोस. तिच्या लेखी तू अजून शाळेत जातेस. मी मात्र तिच्या लेखी कोण आहे, हे मलाच कळत नाही. कधी मी तिचा नवरा असतो, कधी दवाखान्यातला कुणी कर्मचारी. परवा मला म्हणाली, "तुम्ही फार करता हो आमच्यासाठी. तुमच्या घरी वाट बघत असतील ना?"

डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच सांगितलं. हा आजार स्मृती खात जातो आणि मागे फिरत नाही. फोनमध्ये चेहरा नसतो, नुसता आवाज असतो, त्याने ती घाबरते. म्हणून मी फोन काढून टाकला. बिघडलेला नाही.

मैत्रिणींचंही ऐक. डॉक्टरीणबाई आल्या होत्या, तेव्हा ताई सगळ्यांदेखत त्यांना म्हणाली, "माझे कानातले तू चोरलेस." कानातले तिच्याच कानात होते. त्यानंतर त्या आल्या नाहीत, आणि हळूहळू कुणीच येईना.

कडी चोरांसाठी नाही. दिवाळं निघालेल्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचं तोंड चुकवावंसं वाटतं ना, तसं माझं झालंय हे खरं. पण कडी त्यासाठीही नाही. ताई एकदा घरातून निघून गेली. शोधशोध शोधली, तर तिच्या जुन्या नोकरीच्या दवाखान्यात, स्वागताच्या टेबलामागे बसलेली, आणि पेशंटला सांगतेय, "बसा, डॉक्टर येतीलच." तिथली नवी मुलगी बाजूला उभी राहून रडत होती.

तुझी ताई म्हणजे सगळ्या वस्तीने मान द्यावा अशी बाई. तिला कुणी या अवस्थेत बघू नये, कुणी कीव करू नये, एवढंच मला हवंय. मी आहे ना तिच्याजवळ. पुरे झालं.

भावोजी

•

९ मार्च

भावोजी,

तुमचं पत्र मी सामानाच्या खोलीत दार लोटून वाचलं आणि तिथेच रडले. शिपाईण आत आली, तिला वाटलं ॲसिड सांडलं.

त्या कुत्र्यांची गोष्ट खरी आहे. मी खेळत बसायचे आणि ताई मला शोधत यायची. तिला ते आठवतं, म्हणजे मी तिच्यापाशी आहेच. फक्त फ्रॉकमध्ये आहे. राहू दे तशी.

पण तुमच्यावर मी चिडलेय, आणि ते सांगितल्याशिवाय मला झोप यायची नाही. दोन वर्षं! भावोजी, तुम्ही लाजताय कुणाला? ताईला माणसं लागतात. तिच्या घरी कधी चहाची किटली थंड झालेली मी पाहिली नाही. ओळखी विसरली असेल, पण माणसांत बसायची आवड एवढ्यात गेली असेल? आणि तुमचं काय? दिवसभरात तुम्ही बोलता कुणाशी?

आमच्या इथे अशा माणसांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र आहे. सकाळी नेऊन सोडायचं, संध्याकाळी घेऊन यायचं. तुमच्याकडेही असेल, चौकशी करा. ते नको असेल तर आठवड्यातून एकदा एका माणसाला घरात येऊ द्या. एकाच. मे महिन्याच्या सुट्टीत मी येतेच आहे.

धाकटी

•

१८ मार्च

प्रिय धाकटे,

सल्ला पोचला. तू लांब आहेस, म्हणून तुला सगळं सोपं दिसतं. केंद्राच्या दारात तिला सोडून पाठ फिरवायची, हे माझ्याने होणार नाही. घरात कुणी आलं की ती बावरते, आणि मग दोन दिवस मला निस्तरावं लागतं. आम्ही दोघं ठीक आहोत. मे महिन्यात अवश्य ये.

भावोजी

•

६ एप्रिल
दवाखान्यातून

प्रिय धाकटे,

फोनवर तुला नीट सांगता आलं नाही. वॉर्डात अख्खी रांग कान टवकारून असते. मांडीचं हाड मोडलंय, आत सळई घातलीय. जिवाला धोका नाही. ताई समोरच्या शिवणकामवाल्या बाईंकडे आहे. तू येईपर्यंत तिथेच राहील, काळजी नसावी.

आता काय झालं ते सांगतो. स्वयंपाकघरातला दिवा बदलायला स्टुलावर चढलो आणि खाली आलो. उठता येईना. हाताशी फोन नाही, तो मीच काढून टाकलेला. ताई धावत आली, माझ्या डोक्याखाली तिने उशी दिली, कपाळावर ओला रुमाल ठेवला. दवाखान्यातली सवय असेल. मी म्हटलं, "दार उघड आणि कुणालातरी हाक मार." ती दारापाशी गेली. मी जमिनीवरून ओरडतोय, "वरची कडी! वर उचल आणि आत दाब!" तिने हात लावून पाहिला आणि परत येऊन अगदी समजावणीच्या सुरात म्हणाली, "ती कडी फक्त आमच्या ह्यांनाच उघडता येते. ते आले की उघडतील हं. तोवर पडून राहा."

धाकटे, मी तिथे पडलेलो आणि ती माझीच वाट बघत होती.

मी तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिलो. शेवटी मला ग्लानी येऊ लागली, तेव्हा ती घाबरली असावी. खिडकी उघडून तिने रस्त्यावरच्या माणसांना हाक मारली. हे मला बाईंनी नंतर सांगितलं. त्या समोर मशीनवर बसलेल्या होत्या. ताई ओरडत होती, "अहो, आमच्या घरात एक माणूस पडलाय! मी त्यांना ओळखत नाही, पण माणूस चांगला आहे! कुणीतरी या!"

माणसं आली, पण आत येता येईना. कडी बाहेरून उघडत नाही, आणि तशी ती मीच बनवलेली. शेवटी कुणीतरी पहार आणून बिजागऱ्या उचकटल्या. आमच्या लिफ्टच्या कामात नव्या पोरांना पहिला धडा मी हाच द्यायचो: बाहेरून उघडणार नाही असं दार कधी बसवायचं नाही. आणि आत कुणी अडकलं असेल तर आधी त्याला आवाज द्यायचा, म्हणजे बाहेर कुणीतरी आहे हे त्याला कळतं. दुरुस्ती नंतर.

पलंगावर पडल्या पडल्या हे सारखं डोक्यात येतं.

सुताराला निरोप गेलाय. नव्या दाराला साधं कुलूप, एक किल्ली समोरच्या बाईंकडे. लवकर ये.

भावोजी

•

३ जून

भावोजी,

सुखरूप पोचले. गाडीत बसायला जागा मिळाली, पण झोप आली नाही. निघताना ताई खिडकीत उभी होती. मी हात हलवला, तिनेही हलवला, आणि मागे वळून तुम्हाला काहीतरी विचारलं. काय विचारलं ते सांगू नका. मला अंदाज आहे.

एवढे दिवस तिच्याजवळ राहिले, पण तिने मला एकदाही ओळखलं नाही. दवाखान्यात नव्याने लागलेली मुलगी समजून शिकवत राहिली. "पेशंटशी बोलताना बसून बोलावं, उभ्याने नाही." मी तिच्यासमोर बसून बोलायला लागले, आणि खरंच आमचं छान जमलं. सुरुवातीला अंघोळीच्या वेळी तिने मला ओरबाडलं, तेही तुम्हाला माहीत आहे. सगळं गोडच होतं असं मी म्हणणार नाही. तुम्ही दोन वर्षं एकट्याने काय काय काढलंत, ते मला त्या न्हाणीघरात कळलं. मार्चमधलं माझं पत्र जरा चढ्या आवाजात होतं. मतं तीच आहेत, आवाज मागे घेते.

तिथे असताना तुमच्यासमोर बोलवेना, म्हणून एक गोष्ट इथून लिहिते. तुम्ही दवाखान्यात असताना मी ताईला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी ताईला आधी घट्ट मिठी मारली आणि मग मला म्हणाल्या, "मी रागावून येत नव्हते असं कोण म्हणतं? तुझ्या भावोजींनीच जिन्यात सांगितलं, काही दिवस येऊ नका. मी वाट बघत राहिले. तिने मला चोर म्हटलं त्याचं काही नाही गं, माझे पेशंट मला याहून वाईट बोलतात. दार लावून घेतलं, त्याचं वाईट वाटलं."

भावोजी, तुम्हाला वाटलं त्यांनी पाठ फिरवली. त्यांना वाटलं तुम्ही. आणि हे सगळं जिन्यातल्या एका वाक्यावरून.

दुसरं, समोरच्या बाईंचे वडील. ते बस कंडक्टर होते, आता त्यांना ताईचाच आजार आहे. बाई मशीनवर आणि ते मागच्या खोलीत एकटे. ताई तिथे राहायला गेली, तेव्हा ते कितीतरी दिवसांनी जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. बाईंनी हे मला सांगितलं तेव्हा त्यांच्या हातातली सुई थांबली होती. तुमच्याकडे मोठं टेबल आहे, त्यांच्याकडे जागा नाही. पुढचं तुम्ही ठरवा. मी यापुढे सल्ला देणार नाही. हा शेवटचा.

धाकटी

•

२२ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

उत्तराला उशीर झाला. काठी घेऊन चालतो आता. जिना उतरतो, चढताना कुरकुरतो.

डॉक्टरीणबाईंना मी खरंच तसं म्हणालो होतो. जिन्यात, घाईघाईत. माझ्या हिशेबी "काही दिवस" म्हणजे आठवडा होता, आणि पुढे बोलवायचं धाडस झालं नाही. हे मी त्यांना जाऊन सांगितलं. त्यांनी आधी माझे दात तपासले, मग मला माफ केलं.

दर गुरुवारी दुपारी आमच्या टेबलाभोवती माणसं बसतात. पहिला गुरुवार पार फसला. कंडक्टरसाहेब आत आले आणि ताईला म्हणाले, "पुढे चला, पुढे चला, दारात गर्दी नको." ताईला ते अपमानास्पद वाटलं. तिने त्यांना नंबर येईपर्यंत बाहेर बसायला सांगितलं, आणि ते बिचारे खरंच जिन्यात जाऊन बसले. दुसऱ्या गुरुवारी कुणीच आलं नाही. मी कपबश्या मांडल्या आणि पुन्हा उचलल्या. मनात म्हटलं, झालं, धाकटीला कळवून टाकू.

तिसऱ्या वेळी बाईंनी बाजारातून मटारच्या शेंगा आणल्या, पिशवी भरून. सोलायला टेबलावर ओतल्या, आणि काही न सांगता दोघांचे हात चालू लागले. डॉक्टरीणबाई मध्ये बसल्या. गप्पांना शेंडा-बुडखा नसतो. कंडक्टरसाहेब सांगतात, पूल वाहून गेलाय, आज बस पलीकडे जायची नाही. ताई म्हणते, हरकत नाही, डॉक्टरही अजून आलेले नाहीत. मग दोघंही निवांत होतात. कुणी कुणाची चूक काढत नाही. काढायची आम्हालाच सवय होती.

वाईट दिवस आहेतच. मागच्या महिन्यात तिने ताट भिरकावलं. रात्री-अपरात्री उठते. नाव तर माझं आता घेतच नाही. गुरुवारने आजार हटत नाही, हे तुला सांगायला हवं, नाहीतर तू तिकडे भलतीच आशा धरून बसशील. पण ताट भिरकावलं त्या दुपारी मी समोर जाऊन बाईंना सांगू शकलो. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे काल घड्याळ फुटलं." आम्ही दोघं हसलो. दोन वर्षांत मी या गोष्टीवर हसलो नव्हतो.

काल मात्र एक झालं, ते सांगायला पत्र घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मला जवळजवळ घराबाहेर ढकललं. म्हणाल्या, "तास-दोन तास तोंड दाखवू नका." रस्त्यावर उभा राहिलो तर कुठे जायचं तेच सुचेना. इतक्या दिवसांत मी कधी बिनकामाचा चाललो नव्हतो. औषधं आणायची, भाजी आणायची आणि धावत परत यायचं. शेवटी न्हाव्याकडे गेलो. त्याने गळ्याभोवती कापड बांधलं, डोक्यावर पाणी मारलं, आणि मी खुर्चीतच झोपलो. गाढ. त्या भल्या माणसाने पुढच्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या खुर्चीवर घेतलं आणि मला उठवलं नाही.

जाग आली तेव्हा उन्हं कलली होती. अर्धवट कापलेल्या केसांनी, काठी टेकत घराकडे निघालो. डोक्यात नाही नाही ते. ती बाहेर पडली असेल, रडत असेल, मला शोधत असेल. जिन्यात आलो तर वरून हसण्याचा आवाज. दार उघडंच होतं. चौघं टेबलाशी होते आणि कंडक्टरसाहेबांची कसलीशी गोष्ट ऐन रंगात आली होती. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. खोटं कशाला बोलू, क्षणभर लागलं मला. मी नसलो तर हे घर कोसळेल अशी माझी खात्री होती, आणि इथे कुणाच्या खिजगणतीत नाही.

मग ताईने मान वर केली. माझ्या अर्ध्या कापलेल्या डोक्याकडे बघितलं. मी कोण, हे तिला कळलं नाही, ते मला डोळ्यांवरून कळतं. पण ती बावरली नाही. शेजारची खुर्ची ओढून म्हणाली, "या ना. असे दारात का उभे? इथे कुणालाही बसता येतं." बसलो. तिने आपल्या पुढ्यातल्या शेंगांचा अर्धा ढीग माझ्याकडे सरकवला आणि हळूच, इतरांना ऐकू जाऊ नये असं म्हणाली, "सोलता येतात ना? नसेल येत तर मी दाखवते."

मी म्हटलं, "दाखवा."

तिने दाखवलं. अगदी बसून, समोर बघत.

पुढच्या सुट्टीत ये. तुला कुणी ओळखेल अशी हमी देत नाही. शेंगा मात्र नक्की मिळतील.

तुझे,
भावोजी